माहेरी गेलेल्या सदतीस जणी

९ जानेवारी २००७, मंगळवार. भोर

अर्ज आला. आठ पानं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही. पोस्टमनने पाकीट हातात दिल्यापासून तीनदा वाचला. दुपारचा भात तसाच राहिला.

पुण्यातला एक न्यास आहे. खेड्यात राहून आरोग्याचं संशोधन करणाऱ्यांचं शिक्षणकर्ज तो परस्पर बँकेला फेडतो. दोन वर्षं काम झालेलं हवं आणि पुढची तीन वर्षं तिथेच काढायची तयारी हवी. दोन वर्षं माझी मार्चमध्ये पुरी होतात, आणि पुढच्या तीनसाठी मी एका पायावर तयार आहे. पण साऱ्या महाराष्ट्रातून घेणार फक्त सहा जण. सहांत मी कशी बसणार?

नाही बसले तर हैदराबाद. तिथल्या औषध कंपनीत दानिशने, म्हणजे माझ्या मामेभावाने, शब्द टाकून ठेवलाय. पगार इथल्या मानधनाच्या तिप्पट. दिवसभर थंडगार खोलीत बसून दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे तपासायचे. इथलं मानधन हप्त्यातच जातं, आणि कर्जाच्या कागदावर माझ्या सहीखाली अब्बांची सही आहे. अब्बांचं कापूरहोळला गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान. हप्ता चुकला तर बँकेचा माणूस तिथे जाणार, गिऱ्हाइकांसमोर. म्हणून सहांत बसायचंच आहे. वेल्ह्यातलं हे काम सोडायचं नाही मला.

१४ जानेवारी, रविवार

तमन्ना आली. माझी धाकटी बहीण, सातवा संपत आलाय. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. तिचे मिस्टर एहसानभाई शिरवळहून टेम्पोत सामान, बाज आणि एक कोंबडीसुद्धा घेऊन आले. कोंबडी कशाला विचारलं तर म्हणाले, "अंडी देईल की तिला, निलोफरआपा." अम्मीने ओट्यावरचे डबे सगळे घासून काढलेत, जणू बाळ डब्यातच झोपणार आहे.

त्या गडबडीत मी अर्जाचं पहिलं पान भरत बसले. शिक्षण, पत्ता, कर्जाचा क्रमांक. मग 'आईची एकूण अपत्ये' आणि 'अर्जदाराचा त्यांत क्रमांक'. न्यासाला असल्या चौकशा कशाला लागतात कोण जाणे. मी मोठ्याने वाचून लिहिलं, दोन, पहिला. अम्मी मागे दुपट्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "पेननं लिवायचं का ते?"

म्हटलं, "हो, पेन्सिल चालत नाही."

"मग लिव तसंच," म्हणाली आणि चुलीकडे गेली. हल्ली तिचं लक्ष ठिकाणावर नसतं. तमन्नाची काळजी, दुसरं काय.

२३ जानेवारी, मंगळवार. विंझर

नसरापूर फाट्यावर वेल्ह्याची एसटी चुकली. पुढची दीड तासाने. त्या दीड तासात मी अर्ज नाकारला गेल्याची सतरा कारणं शोधून काढली. या कामात मी हुशार आहे.

विंझरच्या आसपास आमची बारा गावं. प्रत्येक गावात एक सेविका आम्ही शिकवून तयार केली. नव्या बाळाला लगेच न्हाऊ घालायचं नाही, आईच्या अंगाशी उबेत धरायचं, पहिलं चिकाचं दूध फेकायचं नाही, दुखणं दिसलं की दवाखाना. आणि महिन्याच्या आत दगावणारी बाळं याने कमी होतात का, हे मोजायचं. एवढंच आमचं संशोधन. ऐकायला सोपं आहे.

विंझरची सेविका धोंडाबाई. पन्नाशीच्या, अक्षर लावून लावून वाचतात, पण कोणाच्या घरात कोणाला दिवस गेलेत हे त्यांना नवऱ्याच्या आधी कळतं. आज वहीत वर्षाची बेरीज मारली. पहिल्या वर्षी एकशे बेचाळीस जन्म, आठ मृत्यू. या वर्षी एकशे एक जन्म आणि मृत्यू फक्त तीन! मी तीन वेळा बेरीज केली. धोंडाबाईंना मिठी मारली तर त्या लाजल्या.

"तीनच का, ताई?" म्हणाल्या.

"तीनच."

"आपल्या वहीत तीनच," म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. कौतुक पचत नाही या बायकांना.

वाटेत शेफाली दिसली, पाण्याचे हंडे घेऊन. गेल्या आषाढात पहिल्या बाळंतपणाला भोंगवलीला गेलेली, दिवाळीनंतर परतलीय. बाळ कुठेय विचारलं, तर धोंडाबाईच मधे म्हणाल्या, "न्हाई आणलं, ताई. चला, उशीर व्हतोय." थंडी फार आहे इकडे, आजीजवळ ठेवलं असेल. शहाणपणच केलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बँक. साहेब जेवायला. मग साहेब फोनवर. मग साहेब आले आणि शिक्का सापडेना. कर्ज शिल्लक असल्याचा दाखला मागायला गेले तर त्यांना वाटलं मी हप्ता बुडवायला आलेय. खरं सांगितलं तर म्हणाले, "दुसरं कोणी तुमचं कर्ज फेडणार? फुकट?" फुकट कसं, साहेब, तीन वर्षं देतेय ना. हे अर्थात मी मनात म्हटलं. तोंडाने "हो सर" एवढंच निघालं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज गेला. रजिस्टर पोस्टाने, पावती या वहीत चिकटवली आहे. 'तुमच्या कामाचे फलित' या मथळ्याखाली दोन पानं लिहिली. तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत: बारा गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आले. पुण्याहून स्वरूप सरांनी प्रमाणपत्र पाठवलं, प्रकल्पाचे प्रमुख म्हणून सहीनिशी. दुसऱ्या वर्षी मोजणीचा नियम मी सुचवला होता, त्याचाही उल्लेख केलाय. आधी आम्ही वर्षाअखेरीस घरोघर मागचं विचारायचो, त्यात आठवणीचा घोळ व्हायचा. मी म्हटलं, जिची प्रसूती आपल्या डोळ्यांसमोर गावात होईल तीच मोजू, गावाबाहेर असेल तिच्यापुढे लाल पेन्सिलीने 'मा', म्हणजे माहेरी. वही कशी स्वच्छ झाली. सर तेव्हा म्हणाले होते, हिला म्हणतात संशोधक.

पोस्टाच्या पेटीपुढे उगाच दहा मिनिटं उभी राहिले. रजिस्टर पोस्ट पेटीत टाकत नाहीत हे माहीत असून.

१७ फेब्रुवारी, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळी आमच्या वॉर्डातल्या नर्सबाई लसीकरणाला आल्या. अम्मीने तमन्नाला पुढे केलं. वजन, रक्तदाब नीट बघितलं, चांगल्या आहेत बाई. मी म्हटलं, यादीत नाव घाला हिचं.

"हिचं नाव हितं न्हाई येत," म्हणाल्या. "सासरच्या यादीत असंल."

तमन्ना म्हणाली, "तिकडच्या बाईंनी काट मारली की. म्हणाल्या, माहेरी चाललीस, आता तिकडच्या बघतील."

नर्सबाई हसल्या. "असंच असतंय. पहिलटकरीण न्हाई माहेरची, न्हाई सासरची."

आणि त्या गेल्या. तमन्ना संत्रं सोलत बसली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला लाल पेन्सिल दिसायला लागली.

पहिल्या वर्षी जन्म एकशे बेचाळीस. या वर्षी एकशे एक. चाळीसएक बाळं कमी, आणि मी समजले, बायका शहाण्या झाल्या, मुलं कमी होऊ देतात! वही काढून मोजलं. 'मा' सदतीस. सगळ्या तिशीच्या आतल्या, बहुतेक पहिलटकरणी. बाळ दगावायची भीती सगळ्यात जास्त ज्यांना, त्याच मी नियम करून बाहेर काढल्या. घरात बाज टाकून बसलेली बहीण, आणि मी बारा गावं हिंडतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

शेफालीचं बाळ. न्हाई आणलं, ताई. देवा.

१९ फेब्रुवारी, सोमवार. विंझर

शेफालीचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. मुलगी होती.

धोंडाबाईंवर मी चिडले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमीच म्हनला व्हता, गावाभायेरचं लिवायचं न्हाई. आन माघारी आलेल्या पोरीला कुनी इचारत न्हाई. सासू इचारत न्हाई, दीर-जाऊ इचारत न्हाई. पानी भराया जाती, कामाला लागती. रीत हाय ती."

"आणि तिला सांगावंसं वाटलं तर?"

"कुनाला सांगंल?"

मी शेफालीकडे गेले. तिने बसायला पोतं टाकलं. मी वही काढली आणि लगेच परत पिशवीत घातली. मग तीच बोलायला लागली, एका दमात, न रडता, अगदी बाळाच्या नखांपर्यंत. नखं लांब होती म्हणाली. शेवटी विचारलं, "ताई, आता लिवनार का तुमी?"

मी हो म्हटलं. हो म्हणताना अर्जातली तिसरी ओळ डोळ्यांपुढे होती, हेही इथे लिहून ठेवते. खोटं कशाला बोलू.

२५ फेब्रुवारी, रविवार

कोणाला काहीच कळलेलं नाही अजून. अर्ज गेलाय. आकडा नियमाप्रमाणे बरोबर आहे. न्यासाला मुलाखतीत कशाला कोणी विचारेल 'मा' म्हणजे काय? हे मी आज दिवसभरात वीस वेळा स्वतःला सांगितलं. एकविसाव्या वेळी अब्बांना सांगितलं, दुकानात, टाकीत रेडिएटर बुडवून ते बुडबुडे शोधत होते तेव्हा.

ऐकून घेतलं. म्हणाले, "भोक सापडल्यावर दोन रस्ते असत्यात. झाळून बुजवायचं, न्हाई तर वरनं रंग मारायचा. म्या दोनी केल्यात."

"मग?"

"रंग मारलेली गाडी खंबाटकीच्या घाटात तापती. गिऱ्हाईक तितनं आईवरनं शिव्या देतंय. हितं ऐकू येत न्हाईत, पन माहीत असतंय ना आपल्याला."

मग वर बघून म्हणाले, "हप्त्याची तुला भीती हाय तेवढी मलाबी हाय. सही माझीबी हाय. ते धरूनच सांगतोय."

मला सल्ला नको होता, खरं तर. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की गप्प बस.

१६ मार्च, शुक्रवार

सदतीसपैकी चौतीस माहेरं झाली. एसटी, टेम्पो, दोनदा दुधाच्या गाडीत. भोंगवली, किकवी, पार पुरंदरपर्यंत. धोंडाबाई आपणहून बरोबर येतात, "तुमाला दारात उभं करत्याल, मला आत घेत्याल," म्हणतात, आणि तसंच होतं. उरलेल्या तिघींची खबर सासरी मिळाली.

चार मृत्यू. वहीतले तीन आणि हे चार, सात. गेल्या वर्षी आठ. एकशे बेचाळीसांत आठ, एकशे अडतीसांत सात. दोन वर्षांत एक बाळ. त्या एकालाही आमच्यामुळे वाचलं म्हणायची माझी हिंमत नाही.

आज मुलाखतीचं पत्र आलं. तीस मार्च, पुणे. एरवी नाचले असते.

२१ मार्च, बुधवार

तमन्नाला मुलगा! पहाटेपासून सरकारी दवाखान्यात, साडेअकराला झाला. वजन दोन किलोच्या थोडं वर. लहान आहे. मी त्याला न्हाऊ घालू दिलं नाही, तमन्नाच्या उघड्या अंगाशी धरायला लावलं. एहसानभाईंच्या आईने नाक मुरडलं, पण अम्मी त्यांना म्हणाली, "ती सांगती तसंच व्हनार." अम्मी असं कधी बोलत नाही कोणाला. अब्बांनी कानात अजान दिली तेव्हा त्यांचा आवाज मधेच अडला.

२४ मार्च, शनिवार

बाळ ठीक. दूध ओढतंय. अम्मीचं मात्र काहीतरी बिनसलंय. आज चौथा दिवस, सकाळपासून तोंडात घास नाही, बाजेपाशी बसून बाळाच्या छातीवर हात. म्हटलं, अम्मी, वजनसुद्धा उतरलं नाही त्याचं, कशाला घाबरतेस. म्हणाली, "उद्या जेवंन."

तिकडे स्वरूप सरांना फोन केला. आकडे सांगितले. म्हणाले, "नियम आधी ठरला होता, निलोफर. नियमाप्रमाणे आकडा खोटा नाही." म्हटलं, सर, नियमच चुकला, आणि तो माझा होता. म्हणाले, "आणि त्या आकड्यावर माझी सही आहे, त्याचं काय? सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. पण तुझं कर्ज फिटणार नाही, हे समजून सांग."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० मार्च, शुक्रवार

स्वारगेटहून परतीच्या एसटीत लिहितेय.

तिघे जण होते. मधल्या वयस्कर डॉक्टरबाई, पांढरं सुती लुगडं, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी माझा अर्ज उघडला आणि नेमकी तिसरी ओळ मोठ्याने वाचली. म्हणाल्या, "कमाल आहे. कशामुळे घटले?"

म्हटलं, "घटले नाहीत."

मग सगळं सांगितलं. नीट सांगितलं नाही, आधीचं नंतर, नंतरचं आधी. सदतीस, लाल पेन्सिल, शेफाली. तमन्नाचं संत्रंसुद्धा सांगितलं, देव जाणे का. कडेच्या गृहस्थांनी विचारलं, "मग दोन वर्षांचं तुमचं फलित काय?"

म्हटलं, "आम्ही सासरच्या गावात शिकवतो आणि बाळ माहेरी जन्मतं. एवढं कळलं."

त्या गृहस्थांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. एकच ओळ. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि "या तुम्ही" म्हणाल्या. पाच मिनिटांत बाहेर. माझ्या आधीचा मुलगा अर्धा तास आत होता.

शिरवळच्या पाटीपर्यंत रडायचं नाही ठरवलं होतं. कात्रजला रडले. आणि शिरवळ तर कापूरहोळच्या पुढे आहे, माझी एसटी तिथे जातच नाही. डोकं हे असं चाललंय.

१५ मे, मंगळवार

'निवड होऊ शकली नाही. पुढील वर्षी नव्याने अर्ज करता येईल.' सोबत कोरा अर्ज.

छापील पत्र. खाली निळ्या शाईत हाताने एक ओळ, सही नाही: 'पुढच्या वर्षी माहेरचे आकडे घेऊन या.'

कोणी लिहिली ते कळतंय, मुलाखतीतही त्यांनी एकच ओळ लिहिली होती. पण त्या ओळीने जूनचा हप्ता भरता येत नाही. दानिशचा फोन आला, कंपनीला एकवीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. झोप उडाली आहे.

१८ मे, शुक्रवार

अब्बा मला न सांगता बँकेत जाऊन आले. ग्रीस लागलेल्या कपड्यांतच. साहेबांनी मुदत दोन वर्षांनी वाढवून हप्ता कमी करून दिला. मी म्हटलं, अब्बा, म्हणजे दोन वर्षं जास्त व्याज. म्हणाले, "तुला हैदराबादला जायाचं असंल तर जा, हप्त्यासाटी जाऊ नको."

सरांनीही पत्र पाठवलंय, दोन ओळींचं. चूक कळवल्याबद्दल आभार वगैरे काही नाही. पण दहा माहेरगावं वहीत जोडायला परवानगी दिली आहे. मानधन तेवढंच.

जावं की राहावं? राहिले तर अजून एक वर्ष हा असाच जीव टांगणीला. मला धड शूरही होता येत नाही, धड स्वार्थीही.

२० मे, रविवार

दुपारी नव्या वहीला रकाने आखत होते. सासरचं गाव, माहेरचं गाव, बाळ कुठे झालं, आता कसं आहे. एकेका गावाला एकेक पान. तमन्ना आणि बाळ आत झोपलेले. अम्मी शेवया वळायचं ताट घेऊन शेजारी बसली.

"भोंगवलीचं बी पान काढलंस?"

"हो. तुझं माहेर ना ते."

जरा वेळ शेवया वळल्या. "किती मागचं लिवतीस?"

"दोन वर्षांचं."

"मग न्हाई बसत," म्हणाली.

मी रेघ ओढत होते. पट्टी तशीच धरून ठेवली.

"तू पहिली न्हाईस, निलू," अम्मी म्हणाली. हात थांबले नव्हते तिचे. "तुझ्या आदी एक व्हता. भोंगवलीलाच झाला, एकोनऐंशी साली. मुलगा. चार दिस व्हता. सातव्या दिवशी नाव ठेवायचं व्हतं, ते ऱ्हायलं. माघारी आले तर तुझी दादी म्हणाली, पीठ संपलंय, दळाया बस. मग कुनी इचारलंच न्हाई. तुज्या अब्बांनी बी न्हाई. त्यांना इचारवलं न्हाई. मग म्या बी सांगितलं न्हाई."

चौथा दिवस. पेननं लिवायचं का ते. लिव तसंच.

दोन वर्षं मी बारा गावांत दारोदार विचारत हिंडले, तुम्हाला किती मुलं झाली, किती आहेत. माझ्या आईला मी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्या पिठाच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, कसा होता? शेवया वाळून कडक होईपर्यंत ती सांगत होती.

उद्या दानिशला फोन करून नाही म्हणायचं. भीती गेलेली नाही, हप्ता आहे तिथेच आहे, आणि पुढच्या वर्षी सहांत बसेन याचा काही भरवसा नाही. पण कोऱ्या अर्जातल्या दोन ओळी आज भरून टाकल्या, अम्मीसमोर, पेनने. आईची एकूण अपत्ये: तीन. अर्जदाराचा त्यांत क्रमांक: दुसरा.